चढावरचं ‘रेसिंग’

वेल्ह्याकडे जाणाऱ्या पाबे घाटात हल्ली शंभर सीसीच्या गाड्याही रेसिंगच्या झाल्या आहेत. निदान त्यांचा आवाज तरी. नाना पेठेतून किंवा ऑनलाइन स्वस्तात आणलेलं बोअर किट, उघडा कोन फिल्टर आणि टाकीवर भलाथोरला स्टिकर, एवढ्यावर अश्वशक्ती वाढते अशी श्रद्धा आहे. पिस्टन कुठल्या धातूचा, सिलिंडरमध्ये त्याला फट किती, हे खोक्यावर नसतं; ‘रेसिंग’ मात्र चारही बाजूंना छापलेलं असतं. हलक्या मालाचा पिस्टन तापला की फुगतो आणि नेमका चढावर जाम होतो. कोन फिल्टर तर दिलदार! धुळीला आत घेतो, रिंगा झिजतात, गाडी निळा धूर सोडू लागते. वरंधा घाटातल्या पावसात हाच दिलदारपणा पाण्यालाही लाभतो. वॉरंटी? दुकानाच्या पायरीपर्यंत. कंपनीचा पिस्टन महाग पडतो म्हणणाऱ्याला टेम्पोचं भाडं विचारावं. नसरापूरपर्यंत गाडी त्यातूनच येते. पोलिसांनी गाठलंच, तर मोटार वाहन कायद्याचं कलम 182-अ आहे: परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरबदलामागे मालकाला 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.