मनःशांती : नवशिक्यांसाठी सूचना

सर्वप्रथम पेन जमा करा. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १० दिवसांच्या विपश्यना शिबिरात मोबाइल, पुस्तकं, वह्या सगळंच ठेवून घेतात. मोबाइलचं दुःख दोन दिवसांत ओसरतं. पेनाचं तिसऱ्या दिवशी सुरू होतं.

त्याचं असं आहे. पहिले तीन दिवस फक्त आनापान, म्हणजे नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास पाहायचा. मोजायचा नाही, लांबवायचा नाही, सोबत जपही नाही. पहाटे चारला घंटा, साडेचारला बैठक, असे दिवसाला सुमारे १० तास. एवढा वेळ नाकाकडे लक्ष ठेवलं की मन कंटाळतं, आणि कंटाळलेलं मन भलतंच हुशार होतं.

गॅस बंद केला होता का, असले फुटकळ विचार हाकलायला सोपे. जड जातात ते थोर विचार. कादंबरीचा पहिला परिच्छेद, स्वल्पविरामांसकट. बांधाच्या भांडणात चुलत्याने जे ऐकवलं होतं त्याला बिनतोड उत्तर, १२ वर्षं उशिरा. ओटा खिडकीखाली घेतला तर फ्रिज कुठे बसेल. या सगळ्यांना रांगेत उभं करा, घुसखोरी चालवून घेऊ नका. पहिल्याला आदराने निरोप द्या आणि श्वासाकडे परत या. तो वळसा घालून पुन्हा रांगेच्या शेवटी येऊन उभा राहील. राहू दे.

विचार पाठ करू नका. पाठ करणारा लांबून समाधी लागल्यासारखाच दिसतो, पण ओठ हलतात.

चौथ्या दिवशी खरी विपश्यना शिकवतात. मग रोज तीन बैठका अधिष्ठानाच्या : तासभर हात-पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. इथे गुडघा मदतीला धावतो. विसाव्या मिनिटाला डावा गुडघा बोलू लागला की चुलता, ओटा, कादंबरी आपापल्या घरी जातात. विपश्यनाचार्य सत्यनारायण गोयंका (१९२४–२०१३) ध्वनिमुद्रित प्रवचनांतून समजावतात की ही वेदनाही अनित्य आहे, येते, जाते. सुचलेल्या ओळीचंही तेच. पण गुडघ्याच्या बाबतीत लोकांना हे चटकन पटतं, ओळीच्या बाबतीत नाही. गुडघेदुखीबद्दल आजवर कुणी कुणाला शाबासकी दिलेली नसते ना!

संध्याकाळी पाचला नव्यांना चहा आणि थोडा फराळ किंवा फळ, जुन्यांना नुसतं लिंबूपाणी. रात्रीचं जेवण नाही. त्यामुळे सहाच्या बैठकीत हॉटेल काढण्याच्या कल्पना येतात. त्यांना रांगेतही घेऊ नका.

शंका असल्यास दुपारी १२ ते १ आचार्यांना भेटता येतं. ‘कल्पना कशी वाटली?’ ही शंका नव्हे.

दहाव्या दिवशी सकाळी तोवर पाळलेलं मौन सुटतं. तुम्ही तोंड उघडाल तेवढ्यात शेजारचे गृहस्थ त्यांना सातव्या दिवशी सुचलेला शेळीपालनाचा प्रकल्प सांगायला घेतील, गोठ्याच्या मापांसकट. सांगू द्या. गप्प बसायची सवय तुम्हाला ताजी आहे.