शिंपला व पेरू: एक तौलनिक मोजणी

हुबळी आणि धारवाड यांच्यातले वीसेक किलोमीटरचे अंतर मोजता मोजताच इथल्या लोकांचा मोजणीचा उत्साह संपत असावा. नाहीतर तळ्यातला शिंपला आणि धारवाडजवळच्या नवलूरचा पेरू एकाच व्हर्निअर कॅलिपरखाली आणण्याचे काम आजवर पडून राहिले नसते.

लांबी मोजायची तर पहिला वाद पुढच्या बाजूचा. लॅमार्कने १८१९ साली नोंदवलेल्या लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस या शिंपल्याला डोके नाही, तरी शास्त्राने त्याला पुढची बाजू बहाल केली आहे: बिजागरीचा उंचवटा ज्या टोकाला जवळ, ते पुढचे. पेरूच्या बाबतीत मात्र अनागोंदी आहे. देठवादी म्हणतात, झाडाशी संबंध आला तिथून सुरुवात धरावी. मुकुटवादी म्हणतात, फूल होते तिथेच तोंड. प्रस्तुत लेखक फोडी करून खातो, त्यामुळे तो तटस्थ आहे.

जाडी हे त्याहून नाजूक प्रकरण. शिंपला पाण्यात असतो तेव्हा झडपा किंचित उघड्या असतात आणि फटीतून जिभेसारखा फिकट पाय वाळूत रुतलेला असतो. बाहेर काढला की पाय आत जातो, स्नायू आवळतात आणि झडपा घट्ट मिटतात. म्हणजे आपण जाडी मोजतो ती घाबरलेल्या शिंपल्याची. पेरू घाबरत नाही, पण तोडल्यावर सुकून वजनात उतरतो, हे विकणाऱ्या मावशींना कुठल्याही प्रबंधाआधी ठाऊक असते.

वयाचेही तसेच. थंड मुलखात कवचावर हिवाळ्यागणिक एक वळे उमटते म्हणतात. धारवाडात हिवाळा स्वेटर बाहेर काढेपर्यंत संपतो. त्याचे वळे कुठे शोधायचे?

आता ‘स्थानिक’ कोणाला म्हणावे? बाजारातला सरदार पेरू म्हणजे पुण्याच्या गणेशखिंडीत डॉ. चीमा यांनी १९२७ साली निवडलेला ‘लखनौ-४९’. लखनौचे नाव, पुण्याची निवड आणि धारवाडी तिखटमीठ! शिंपल्याचा दाखलाही स्वच्छ नाही. त्याची पिल्ले माशाच्या कल्ल्यांना चिकटून, हुबळी-धारवाडच्या चिगरी बसमध्ये विनातिकीट बसल्यासारखी, हवी तिथे उतरतात.

राहिल्या बिया. धारवाडच्या साधनकेरीत राहणाऱ्या कन्नड कवी द. रा. बेंद्रे यांना आकड्यांचा नाद होता आणि ४४१ ही संख्या त्यांची विशेष लाडकी. एका पेरूत नेमक्या तितक्या बिया निघाव्यात अशी लेखकाची फार इच्छा होती. परंतु मोजणी दरवेळी दाढेत अडकली. मावशींची पद्धत वेगळी. त्या अंगठा दाबतात, वास घेतात आणि ‘हा उद्याला’ म्हणून बाजूला ठेवतात. त्रुटीची मर्यादा त्या सांगत नाहीत.

निष्कर्षांच्या तक्त्यात शिंपल्याची लांबी, उंची, जाडी ही तिन्ही मापे पूर्ण आहेत. शिंपला तळ्यात परत सोडला आहे. पेरूची रुंदी फक्त डाव्या बाजूची नोंदली आहे. उजवी बाजू तपासणीसाठी उपलब्ध नाही.