दाजींची नजर वर

शिरूर-न्हावरे-चौफुला रस्त्यानं जाणारा माणूस दुतर्फा ऊस बघतो. दौंडहून निघालेले दाजी नवी बांधकामं बघतात. रांजणगावला एमआयडीसी आली, जमिनींना भाव आले आणि माळवदाच्या घरांच्या जागी बंगले उठले. अशा प्रत्येक बंगल्यात कुणाचा तरी मेव्हणा राहतो, आणि मेव्हणा म्हटला की त्याला दाजी असतोच.

बहिणीच्या नवऱ्याला नाही म्हणता येत नाही. एवढ्या एका भांडवलावर हा गृहस्थ इंजिनिअर, गवंडी आणि वास्तुवाला अशा तिघांच्या डोक्यावर बसतो. पाया, कॉलम, स्टील यात मात्र तो तोंड घालत नाही. तिथं चुकलं तर नाव येतं. त्याचा प्रांत म्हणजे भिंत आणि स्लॅब जिथं भेटतात ती रेघ. चपला काढायच्या आधीच मान वर.

"आवं पाव्हणं, कॉर्निस कुठाय?"

मेव्हण्यानं बिचाऱ्यानं साधी चार इंची पट्टी ठरवलेली असते. उन्हाळ्यात स्लॅब दिवसा तापतो, रात्री निवतो, आणि सांध्यात केसाएवढी चीर पडते. ती झाकायला चार इंच पुष्कळ झाले. पण दाजींना चीर झाकायची नसून भावकीचे डोळे दिपवायचे असतात. "कुरकुंभ रोडला एका बंगल्यात बघितलंय. नऊ इंची. द्राक्षाचे घड, त्याला सोनेरी हात. बघणाऱ्याची टोपी पडली पायजे." टोपी पडेपर्यंत मान वर करायची हौस पाहुण्यांना आहे का, हे कुणी विचारत नाही.

कारागीर बहुधा राजस्थानचा नाहीतर यूपीचा. फळीवर ओल्या पीओपीत काथ्या घालायचा आणि पत्र्याचा साचा न थांबता ओढत न्यायचा. पट्टीचे सगळे कंगोरे एका दमात उमटतात. हे काम बघत बसावं इतकं देखणं. दाजी बघत बसत नाहीत, सांगत बसतात. "ह्यो माल खास प्यारिसचा, बरं का!" कारागीर मुकाट्यानं गोणी फिरवतो. तिच्यावर बीकानेर छापलेलं असतं. पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीखाली एके काळी जिप्समच्या खाणी होत्या, तेवढंच दाजींचं खरं.

जिप्सम दीडशे अंशांच्या आसपास भाजून त्यातलं पाऊण पाणी उडवलं की ही पांढरी भुकटी तयार होते. पाणी मिळालं की पंधरा-वीस मिनिटांत ती पुन्हा दगड. दाजींचं मत बनायला त्याहून जास्त वेळ लागतो. "थांब जरा, घड उजवीकडं वळलेला घ्यावा का डावीकडं?" मग मेव्हण्याला बोलवणं, वहिनींना बोलवणं, मोबाइलमधले फोटो, चहा. तोवर घमेल्यात दगड. दाजी त्यावर टिचकी मारून बघतात आणि निकाल देतात, "माल हलका हाय." कारागीर दुसरं घमेलं कालवतो. गोणी मेव्हण्याची.

खरी परीक्षा कोपऱ्यात. दोन पट्ट्या पंचेचाळीस अंशांत कापून एकमेकींना भिडवायच्या, पण त्यासाठी खोली गुण्यात हवी. आमच्याकडं गवंड्याच्या पिशवीत गुण्या असतो. तो पिशवीतच असतो. त्यामुळं कोपरा नव्वदाच्या जागी ब्याण्णव-त्र्याण्णव निघतो आणि मधोमध बोट जाईल एवढी फट. घोडीवर चढलेला कारागीर बोटानं पीओपी दाबतो, पातळ पट्टीनं कंगोरा पुन्हा कोरतो, ओल्या ब्रशनं पुसतो. फट जाते. खालून दाजी ती होती तिथं बोट दाखवत प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "म्या बघितली म्हणून बरं."

हिशेब रनिंग फुटावर. चार इंची पट्टी नऊ इंची झालेली, वर दुसरी ओळ, मग तिच्यामागं दिवे लपवायला खोटं छतही. एवढं वाढवून दाजी फुटामागं दोन रुपये तोडून देतात आणि मेव्हण्याकडं असं बघतात, जणू कारखान्याचं बिल वेळेवर काढून आणलं.

वास्तुशांतीला सगळी भावकी माना वर करून हिंडते. मेव्हणा तेवढा पंख्याकडं बघत उभा. छत खाली आलं तसा पंखाही खाली आलाय, आणि हात वर करून सदरा घालायची सोय राहिलेली नाही.

"एवढंच ना?" दाजी पानाला चुना लावत म्हणतात. "एसी घ्या की! दौंडात आपल्या वळखीचं दुकान हाय."