नाणं नव्हतंच ते!

वहिनी, त्या आंब्याच्या साठांवर फडकं टाका आणि या जरा गडग्यापाशी. मोठ्याने बोलण्यासारखं नाही. कोपऱ्यावरच्या घरात परवा काय झालं, कळलं का तुम्हाला? मुंबईचा नातू आलाय ना सुट्टीला, दीड वर्षाचा. दुपारपासून नुसती लाळ गळत होती, घास पुढे केला की तोंड फिरवायचा. आजीबाईंनी निदान करून टाकलं, देवापुढचा रुपया गिळला असणार! केळं भरवा, उद्या शीच्या जागी दिसेल. आणि वर त्यांचं ते नेहमीचं, आमच्या वेळी पोरं नाणी गिळूनच मोठी झाली.

तसं अगदीच खोटं नाही हो ते. नाणं पोटात उतरलं की बहुतेक वेळा आपल्या वाटेने पडतं बाहेर. पण उतरलंय की अन्ननळीतच अडकलंय, हे केळं कसं सांगणार? त्याला एक्स-रेच लागतो. नशीब, सूनबाईचं डोकं ठिकाणावर. तिला पलंगाखाली दिव्यांच्या माळेचा तो चपटा रिमोट सापडला. खाच उघडी, आतला सेल गायब! तशीच गाडी काढायला लावली तिने नवऱ्याला. सासूबाई मागून केळं घेऊन धावतायत, कल्पना करा.

फोटोत सेल नाण्यासारखाच गोल दिसतो म्हणे. पण आमची भाची कान-नाक-घशाच्या थिएटरात सिस्टर आहे ना, ती सांगते, नीट पाहिलं तर सेलच्या कडेला दुहेरी रेघ असते, गोलात गोल. तशीच निघाली. भूल देऊन दुर्बिणीने काढला रातोरात.

आणि ऐका, सगळे समजतात सेल फुटून आतलं काहीतरी गळतं म्हणून भाजतं. गळावं लागतच नाही! ओल्या मांसाला दोन्ही बाजू टेकल्या की वीज वाहायला लागते, आणि उणे बाजूला कॉस्टिक सोड्यासारखं जहाल पाणी तयार होतं. दोन तासांत अन्ननळी भाजून निघते. २० मिलिमीटरचा, ३ व्होल्टचा लिथियमचा सेल सगळ्यात वाईट, पोरांच्या गळ्यात बरोब्बर अडकतो. रिमोट चालेना म्हणून काढून ठेवलेल्या सेलमध्येसुद्धा तेवढी धुगधुगी असते बरं का. आपण तो खिडकीत ठेवून देतो.

मध? हो, ते मात्र खरं आहे, आजीबाईंचं नव्हे, डॉक्टरांचंच. मूल एक वर्षाच्या वरचं असेल आणि सेल गिळून १२ तास झाले नसतील, तर दवाखान्यात जाता जाता दर १० मिनिटांनी दोन छोटे चमचे मध, फार तर सहा वेळा. त्याने भाजणं जरा मंदावतं. पण मधाची बाटली शोधत घरी बसायचं नाही, आणि ओकारी तर मुळीच काढायची नाही. दुसरं काही खायलाही द्यायचं नाही, भूल द्यायची असते ना.

खालच्या आळीतल्या त्या छोकरीचं आठवतं? महिनाभर खोकला, दम्याची औषधं, दृष्टसुद्धा काढून झाली. निघाला काय, शेंगदाणा! आधी जोराचा ठसका लागतो, मग पोर खेळायला लागतं, आपल्याला वाटतं गेलं. गेलेला असतो तो फुप्फुसाच्या नळीत, बहुतेकदा उजव्या, कारण ती जास्त रुंद नि सरळ. शेंगदाणा एक्स-रेत दिसतही नाही. श्वासनळीत दुर्बीण घालूनच काढावा लागतो. चार वर्षांखालच्या पोराला अख्खा दाणा देऊच नये, असं भाची म्हणते. आणि ठसका लागलाच तर? पोर खोकतंय, रडतंय तोवर खोकू द्यायचं, घशात बोट घालून चाचपायचं नाही, आणखी आत जातं. आवाजच फुटेना झाला की पालथं धरून दोन खांद्यांच्या मधे पाठीवर थापा मारायच्या, आणि दुसऱ्या कुणी १०८ला फोन लावायचा.

आपल्याकडे तर काय, तारलीचा काटा रुतला की भाताचा कोरडा गोळा! कधी निघतो, कधी आणखी खोल जातो. बरेचदा तो टॉन्सिलमध्येच रुतलेला असतो, डॉक्टर बॅटरी मारून चिमट्याने पाच मिनिटांत काढतात. तेवढ्यासाठी गोळ्यावर गोळे कशाला गिळायचे?

अमेरिकेत फिलाडेल्फियाला शेवालिए जॅक्सन नावाचा एक डॉक्टर होऊन गेला. लोकांच्या घशातून, छातीतून काढलेल्या २३७४ वस्तू त्याने जपून ठेवल्या. पिना, बटणं, खेळणी, काय म्हणाल ते. तिथल्या मटर संग्रहालयात खणांतून मांडल्यात म्हणे. म्हणजे पोरं सगळीकडची सारखीच. आज्यांचं मला माहीत नाही.

नातू ना? दूध प्यायला लागलाय, पण सोडला नाही अजून. सेल काढला म्हणजे संपलं असं नसतं, भाजलेली जागा पुढे दोन-तीन आठवड्यांनीसुद्धा फुटू शकते. तोंडातून रक्त दिसलं तर जसे असाल तसे निघून या, अशी ताकीद आहे डॉक्टरांची. आजीबाई मात्र गावभर सांगत सुटल्यात, मीच आधी ओळखलं म्हणून!

तुमच्या गणपतीच्या माळेलाही तसलाच रिमोट आहे ना, वहिनी? धाकटी रांगायला लागायच्या आत त्याच्या खाचेवर चिकटपट्टी मारून टाका.