पाऊस फुकट

रत्नागिरीच्या माणसाला पावसाबद्दल काही सांगायला जाऊ नये. तो ऐकून घेत नाही. सिअॅटलला राहणारा माझा मेहुणा फोनवर म्हणाला, "भाऊजी, अलास्काची क्रूझ करायची तर जून-जुलैत या. सप्टेंबरात तिकडे नुसता पाऊस असतो," तेव्हा मला त्यात सल्ला ऐकूच आला नाही, आव्हान तेवढं ऐकू आलं. शिवाय सप्टेंबरचं भाडं जुलैपेक्षा बरंच कमी होतं. हे दुसरं कारण मी त्याला सांगितलं नाही, पण इतक्या वर्षांत त्याला भाऊजी कळले असावेत.

मी लगेच अभ्यासाला बसलो. जहाज जिथे थांबणार होतं त्या केचिकन गावात वर्षाला सुमारे १५० इंच पाऊस पडतो. म्हणजे चार मीटरसुद्धा नाही! आमच्या आंबोलीत याच्या जवळजवळ दुप्पट पडतो आणि तोही बराचसा चार महिन्यांत उरकतो. (आंबोली सिंधुदुर्गात आहे हे मला माहीत आहे. पण १९८१ पर्यंत तो आमचाच जिल्हा होता आणि पावसाच्या बाबतीत मी ही वाटणी मानत नाही.) केचिकनकरांना तेवढ्यासाठी वर्षभर राबावं लागतं. "हप्त्याहप्त्याने पाऊस पाडणारे लोक," असं मी बायकोला म्हणालो. तिने काही न बोलता गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणि एक जाडजूड जाकीट मागवलं. मी दादरच्या फुटपाथवर स्कूटरवाले वापरतात तसला प्लॅस्टिकचा रेनकोट घासाघीस करून घेतला आणि घरातली लांब दांड्याची काळी छत्री बॅगेला आडवी बांधली.

एक गोष्ट मात्र माझ्या अभ्यासात आली नव्हती. इंचांत पाऊस मोजता येतो, पण तो किती गार आहे ते इंचांत कळत नाही.

सिअॅटल सोडल्यावर व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरच्या अंगाने जहाज उघड्या पॅसिफिकला लागलं. शरद ऋतू आला की अलास्काच्या आखातातून वादळांची रांगच लागते, एकामागून एक. रात्री कधीतरी बाथरूममधला टूथब्रश आपल्या पायांनी बाहेर आला. दाभोळ-धोपावे फेरीबोटीत कठड्याला न धरता उभा राहिलेला माणूस मी. मला काय होणार? सकाळी बाहेर पडलो तर लिफ्टच्या बाजूला कागदी पिशव्यांचे गठ्ठे व्यवस्थित लावून ठेवलेले. लोकांची किती काळजी घेतात, असं मनात येईपर्यंत मला दोन लागल्या.

त्यानंतरचं दुःख खरं आर्थिक होतं. तिकिटात खाणं धरलेलं होतं. सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत कितीही खा, कोणी विचारत नाही. पैसे वसूल करण्याची अशी संधी आयुष्यात पुन्हा येत नाही, म्हणून मी आदल्या दिवसापासून पोट हलकं ठेवलं होतं. आणि मी खाल्लं काय? एक हिरवं सफरचंद आणि खारी बिस्किटं. बोट लागली की जहाजावर हेच देतात. बायको समोर बसून तीन प्रकारचे केक खात होती आणि कुठला बरा ते मला समजावून सांगत होती.

केचिकनच्या धक्क्यावर पावसाचं मोजमाप दाखवणारी भलीमोठी उभी पट्टी आहे. गावाला तिचा अभिमान आहे. १९४९ साली २०२ इंच पडला, हेही तिथे मिरवतात. मी छत्री उघडली. वाऱ्याने ती तत्काळ उलटी केली. मी ती सुलटी केली, वाऱ्याने पुन्हा उलटी केली. आमचा हा संवाद गावभर चालला. आजूबाजूला पाहिलं तर गावातल्या एकाही माणसाच्या हातात छत्री नव्हती. सगळ्यांच्या अंगात टोपीची जाकिटं आणि पायांत तपकिरी रबरी बूट. केचिकनमध्ये पाहुणा ओळखायचा तो छत्रीवरून, हे मला नंतर कळलं. दादरच्या रेनकोटाने वरचं पाणी चोख अडवलं, पण इथला पाऊस वरून येतच नव्हता. तो आडवा, बारीक, मानेजवळून आत शिरत होता आणि आत शिरल्यावर कुठे घाई करत नव्हता.

क्रीक स्ट्रीट म्हणजे ओढ्यावर लाकडी खांब रोवून उभी केलेली घरांची रांग. खालून सामन मासे प्रवाहाविरुद्ध वर चढत होते. पॅसिफिकमधला सामन ज्या गोड्या पाण्यात जन्मला तिथेच अंडी घालायला परततो आणि त्यानंतर मरतो. सप्टेंबरात हा कार्यक्रम संपत आलेला असतो, हे नाकाला आधी कळलं. "हे आपले चढणीचे मासेच," मी बायकोला सांगू लागलो. "आपल्याकडेही पहिल्या पावसात..." पण ती जवळच्या दुकानात शिरली होती.

त्या दुकानातल्या म्हाताऱ्याला मी कोकणाबद्दल सगळं सांगितलं. आंबोलीचे आकडेसुद्धा दिले. त्याने शांतपणे ऐकलं.

"आणि चार महिन्यांनंतर?" त्याने विचारलं.

"नंतर आठ महिने जवळजवळ थेंब नाही. स्वच्छ ऊन."

"तिथे आता पाऊस संपत आला असेल ना?"

"हो, आता संपेलच."

"मग तुम्ही इथे आलात," तो म्हणाला आणि मला कोरडे मोजे दाखवायला लागला. ते घ्यावे लागले. घासाघीस जमली नाही.

जुनो ही अलास्काची राजधानी, पण तिला बाहेरून रस्ताच नाही. जायचं तर विमानाने किंवा बोटीने. तिथे आम्ही तिकीट काढून डोंगरावर नेणाऱ्या केबल कारने ढगात गेलो. तोच ढग खालून फुकट दिसत होता. अमेरिकेचा राष्ट्रीय पक्षी तो पांढऱ्या डोक्याचा गरुड एका खांबावर बसला होता, भिजलेल्या कावळ्यासारखा, आणि माझ्याकडे बघताना त्याच्या चेहऱ्यावर साधा मोठेपणाही नव्हता. दुपारची देवमासे दाखवणारी बोट लाटांमुळे रद्द झाली आणि पैसे परत मिळाले. सगळ्या प्रवासात मला इतका निर्भेळ आनंद दुसऱ्या कशानेच झाला नाही.

स्कॅगवेला उतरलो, पाऊस होता, परत चढलो. १८९८ मध्ये सोन्याच्या मागे इथून डोंगर ओलांडणाऱ्यांना, वर्षभराची सामग्री सोबत असल्याशिवाय कॅनडाचे पोलीस आत घेत नसत. माझ्या बॅगेतली भाजणी, मेतकूट आणि लोणचं पाहून मला बहुधा घेतलं असतं.

ग्लेशियर बेला मात्र मी जिंकलो. १७९४ मध्ये कॅप्टन व्हँकुव्हरच्या मोहिमेतली माणसं इथे आली तेव्हा या उपसागराचं तोंडच बर्फाने बंद होतं. १८७९ मध्ये निसर्गअभ्यासक जॉन म्यूर आला तोवर बर्फ साठेक किलोमीटर मागे हटलेला होता. आता दिवसाला दोनच मोठी जहाजं आत सोडतात. आम्ही मार्जरी हिमनदीसमोर कुडकुडत उभे होतो. डावीकडे कडकड आवाज झाला, सगळे डावीकडे धावले, आणि कडा उजवीकडे कोसळला. तेवढ्यात जहाजावर आलेल्या उद्यान खात्याच्या बाई ध्वनिवर्धकावरून म्हणाल्या की, ढगाळ हवेत हिमनदीचा निळा रंग अधिक खुलतो, उन्हात तो फिका पडतो. समोरचा बर्फ खरोखरच शाईसारखा निळा होता. ती घडी मी वाया जाऊ दिली नाही. तिथल्या तिथे मेहुण्याला निरोप लिहिला: "सप्टेंबर मुद्दाम निवडला होता. निळ्यासाठी." सिग्नल नव्हता. निरोप दोन दिवसांनी गेला. उत्तरात त्याने फोटो मागितला. माझ्या सगळ्या फोटोंत रेनकोटाच्या टोपीची कड आली होती. निळा रंग होता, पण तो दादरचा होता.

शेवटचा थांबा कॅनडातलं व्हिक्टोरिया. हा थांबा का, ते सांगायला हवं. अशा बहुतेक जहाजांची नोंदणी बहामा, पनामा असल्या देशांत असते. अमेरिकेच्या १८८६ च्या कायद्याने परदेशी जहाजाला अमेरिकी बंदरांतून प्रवासी फिरवून आणायचे तर मध्ये एखाद्या परदेशी बंदराला शिवून यावं लागतं. म्हणून जहाज संध्याकाळी काही तास व्हिक्टोरियाला शिवतं. आणि तेवढ्यासाठी आपल्याला कॅनडाचा वेगळा व्हिसा काढावा लागतो. अर्ज, फी, बोटांचे ठसे, सगळं. बाहेर अंधार होता आणि पाऊस होता. बायको म्हणाली, "मी जेवायला चालले. तू कुठे निघालास?"

व्हिसाचे पैसे भरले होते. मी उतरलो. काड्या मोडलेली छत्री काखेत, भिजलेला कॅनडा समोर. गणवेशातल्या अधिकाऱ्याने माझा पासपोर्ट पाहिला, मला पाहिलं, छत्री पाहिली.

"कॅनडात येण्याचं कारण?"

"१८८६ चा कायदा," मी म्हणालो.