कानातला डॉल्बी

आमच्या घरात कामाची वाटणी जुनी आहे. कुकर ही लावते, शिट्ट्या मी मोजतो. निवृत्तीनंतर माझ्याकडे उरलेलं हे एकमेव जबाबदारीचं पद, आणि गेल्या पावसाळ्यात तेही जाता जाता राहिलं. कारण मी हेडफोन घेतला. काळा, जाड गादीचा, कानाला चारी बाजूंनी मिठी मारणारा. तो चढवला की बाहेरचं जग दार लावून घ्यायचं. पहिल्याच सकाळी हिची हाक माझ्या कानापर्यंत आली नाही; डाळ करपल्याचा वास नाकापर्यंत व्यवस्थित आला.

"हाका मारून मारून मी दमलो," ही म्हणाली. (कोल्हापूरच्या बायका स्वतःला 'दमलो', 'आलो', 'सांगतो' असंच म्हणतात. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना त्याची गंमत वाटते. ज्यांनी तो 'दमलो' अंगावर घेतलाय त्यांना वाटत नाही.) "देवानं फुकट दिलेले कान बुजवायला एवढे पैसे घातलासा?"

तो हेडफोन भाच्याकडे गेला. पण नाद काही गेला नाही. 'नाद' या एका शब्दात आवाज आणि वेड दोन्ही बसवणारी आपली भाषा, आणि त्यापुढे 'खुळा' जोडून त्याची कौतुकाची पाटी करणारं आमचं गाव. इथं जन्मलेल्या माणसाला हेडफोनचा नाद लागला यात नवल ते काय!

सुरुवात १९८४ ची. आत्तेभाऊ दुबईहून वॉकमन घेऊन आला. सोनीनं १९७९ च्या जुलैत जपानमध्ये पहिला वॉकमन विकायला काढला तेव्हा त्याला हेडफोनची भोकं दोन ठेवली होती. एकट्यानंच कानाला लावून बसणं अकिओ मोरिता या मालकांना असभ्यपणाचं वाटलं होतं म्हणे. आमच्या आत्तेभावाच्या यंत्राला भोक एकच होतं, आणि मंगळवार पेठेतल्या तालमीच्या कट्ट्यावर पोरं सतरा. प्रत्येकाला अर्धं गाणं. नारिंगी फोमच्या दोन चकत्या, मधे पत्र्याची लवचिक पट्टी; वजन इतकं कमी की डोक्यावर काही आहे असं वाटूच नये. तालमीतल्या एका पैलवानाला मात्र तो बसेना. मातीत घासून घासून त्याच्या कानांच्या पुऱ्या फुगल्या होत्या. शेवटी त्यानं एक चकती हातानं कानावर दाबून धरली आणि दोन सेकंदांनी असा ओरडला, "लई भारी!", की समोरच्या झाडावरचे कावळे उडाले. कानात गाणं वाजत असलं की माणूस ओरडून बोलतो, हा शोध मला त्या दिवशी लागला.

माझी पाळी आली तेव्हा कॅसेट अर्ध्यात होती. कुठलं गाणं होतं ते आता आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की तबला डाव्या कानाकडे होता आणि पेटी उजव्या कानाकडे, आणि गाणारी बाई माझ्या कपाळाच्या मधोमध बसली होती. घरच्या रेडिओत आजवर सगळे एकाच खोक्यात कोंबून बसलेले. इथं प्रत्येकाला स्वतःची जागा. चाळीस वर्षं झाली, मी ती जागा शोधतोय.

नोकरी लागली शिरोलीच्या एमआयडीसीत, फाउंड्रीत. पगारात हेडफोन बसत नव्हता, पण स्वप्नाला पगार लागत नाही. १९९१ साली सेनहायझर या जर्मन कंपनीनं 'ऑर्फियस' नावाचा हेडफोन काढला, फक्त ३०० नग. त्याचा फोटो एका मासिकात पाहिला आणि कापून पाकिटात ठेवला. लग्नानंतर हिला तो सापडला. पाकिटात दुसऱ्या कुणाचा फोटो असावा म्हणून शोधणाऱ्या बाईला हेडफोन सापडावा, यात तिची निराशा झाली की सुटका, हे मी अजून विचारलेलं नाही.

साध्या हेडफोनमध्ये छोटंसं लोहचुंबक असतं, तारेचं वेटोळं असतं आणि वेटोळ्याला चिकटलेला पडदा हलतो. ऑर्फियसमध्ये वेटोळंच नाही. भोकं पाडलेल्या दोन पत्र्यांमध्ये केसाहून कितीतरी पातळ पडदा ताणलेला, त्यावर शेकडो व्होल्टचा दाब, आणि पत्र्यांतला विजेचा ओढा तो पडदा हलवतो. वजनच नाही म्हटल्यावर पडदा मागे राहत नाही. सूर थांबला की तोही थांबतो. पुढे कंपनीनं याची नवी आवृत्ती काढली तेव्हा अ‍ॅम्प्लिफायर चक्क कराराच्या संगमरवरात बसवला, मायकेलअँजेलो ज्या खाणींतून दगड आणायचा तिथल्या. दगड कंप पावत नाही म्हणून. किंमत तेव्हा पन्नास हजार युरोंच्या आसपास. तेवढ्या पैशांत पाचगावच्या बाजूला छोटा फ्लॅट बघता येतो. ही म्हणाली, "तेवढा संगमरवर देव्हाऱ्याला बसवला असतासा तर देव तरी ऐकला असता."

डाळीच्या प्रकरणानंतर मी शहाणा झालो आणि उघड्या पाठीचा हेडफोन घेतला. ही जातही सेनहायझरचीच. १९६८ साली त्यांनी पहिला असा हेडफोन बाजारात आणला, पिवळ्या फोमचा. कानावर झाकण न ठेवता मागे जाळी ठेवायची. हवा कोंडत नाही, त्यामुळे गाणं डोक्यात न घुमता समोर कुठंतरी चालल्यासारखं वाटतं. मी घेतला तो एचडी ६००, १९९७ पासून बनतोय. जाणकार त्याच्या मोकळेपणाची तारीफ करतात. मी म्हणतो, त्यातून कुकरची शिट्टी येते. आमचं घर या एका गुणावर उभं आहे.

पण जाळी दोन्ही बाजूंनी जाळीच. माझ्या कानात केसरबाई केरकर गात असतात तेव्हा हिला बरणीत अडकलेल्या माशीसारखं काहीतरी ऐकू येतं. माझ्या ४० वर्षांच्या संगीतप्रेमाबद्दल हिचं जे मत आहे त्याला हा एकच पुरावा पुरेसा आहे.

आता खर्चाचं. या हेडफोनचा विद्युत-अडथळा ३०० ओहम. मोबाईलला लावला तर आवाज येतो, पण उपाशीपोटी आखाड्यात उतरवलेल्या गड्यासारखा. कोल्हापुरात हे समजावून सांगावं लागत नाही: दारात पैलवान बांधला की खुराकाचा खर्च सुरू. दूध, बदाम, तूप, थंडाई. याला अ‍ॅम्प्लिफायर लागला. अ‍ॅम्प्लिफायरला चांगला सिग्नल हवा म्हणून डिजिटल आकड्यांचा सिग्नल करून देणारा डॅक लागला. डॅकला बरी वायर हवी असं एक जण म्हणाला. वायरीपाशी मी थांबलो. तांब्यातून वीज जाते, भक्तिभाव जात नाही, असं माझं फाउंड्रीतल्या माणसाचं रोखठोक मत आहे. त्यापायी दोन मित्र दुरावले.

तरी एका अंधश्रद्धेला मी बळी पडलोच. नवा हेडफोन शंभर तास वाजवत ठेवला की 'उघडतो', असं सांगतात. शास्त्रीय पुरावा शोधलात तर हाती फारसं लागत नाही. बहुधा उघडतो तो ऐकणाऱ्याचा कान. पण मी हिच्या साड्यांच्या कपाटात, जुन्या शालीखाली, तो रात्रभर वाजत ठेवला. पहाटे तीनला ही उठून बसली. कपाटातून कोणीतरी बारीक आवाजात आळवत होतं. हिनं आधी अंबाबाईचं नाव घेतलं आणि मग माझं. दोन्ही नावं एकाच सुरात घेतली नव्हती एवढं सांगतो.

ऐकतो मी मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांवरची गाणी. आमचं गाव त्या गाण्याचं आहे. गवई अल्लादिया खाँना शाहू महाराजांनी इथं दरबारात ठेवून घेतलं. देवल क्लब १८८३ पासूनचा. केसरबाई आठेक वर्षांच्या असताना गोव्याहून इथं आल्या, काही महिने अब्दुल करीम खाँकडे शिकल्या, आणि पुढे १९२१ पासून अल्लादिया खाँच्याच शिष्या झाल्या. १९७७ साली व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी पाठवली, तिच्यात केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. दुसरं यान सप्टेंबरच्या ५ तारखेला उडालं, १६ तारखेला बाई गेल्या. परग्रहावरच्यांसाठी तबकडीसोबत सुई दिलीय, कशी वाजवायची त्याची आकृतीही दिलीय. हेडफोन दिलेला नाही. त्यांच्या घरात कुकर नसावा असं धरून चालले असतील.

तर, खुराक पाजलेला पैलवान तयार झाल्यावर मी पहिल्यांदा केसरबाई लावल्या. डोळे मिटले. आणि काय ऐकू आलं? खरखर. इतकी सुरेख, इतकी स्वच्छ, एकेक ओरखडा मोजून घ्यावा अशी खरखर मी आयुष्यात ऐकली नव्हती. तबकडीवर कुणाच्या तरी घरात पडलेला डाग दर फेरीला टक्क करून सलाम ठोकत होता. बाई गात होत्या त्या मागच्या खोलीत. महाग आरसा घेतला म्हणून चेहरा बदलत नाही, सुरकुत्या तेवढ्या नीट दिसतात.

दिवाळीत लेक आली. "बाबा, बघू, मी ऐकतो," म्हणाली. लावला आणि तिसऱ्या सेकंदाला काढला. "हे भजी तळल्यागत काय आहे मागं?"

मला भज्यांचा आवाज एवढा येत नव्हता. खरखर होती, पण भजी? मी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन घातला (साधाच, मी चौकशी केली) आणि ऐकू आलं की बटण दाबायला सांगितलं. बराच वेळ काही वाजलं नाही म्हणून मी बटण दाबलं नाही. ते वाजत होतं. आलेखावर रेघ ३००० हर्ट्झपर्यंत सरळ चालत गेली आणि ४००० पाशी विहिरीत पडली. डॉक्टर म्हणाले, "फाउंड्री का?" मी म्हटलं, "कसं ओळखलंत?" म्हणाले, "सही आहे ही तिची."

नॉकआउटवर वाळूच्या साच्यातून कास्टिंग झडतं आणि फेटलिंगला ग्राइंडर लागतो, त्या गदारोळात माझी ३१ वर्षं गेली. कानाच्या आतल्या शंखात सुराला हलणाऱ्या बारीक केसाळ पेशी असतात. उंच सुरांच्या पेशी दाराशीच बसलेल्या, त्यामुळे मार पहिला त्यांना. एकदा गेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. त्यात वय. म्हणजे जो हेडफोन वीस हजार हर्ट्झच्या पुढचंही ऐकवतो म्हणून मी घेतला, त्याचा वरचा सगळा मजला माझ्यासाठी कुलूपबंद.

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी गणित मांडलं. १९२५ च्या आधी तबकड्या मायक्रोफोनशिवाय निघत, गायक कर्ण्यात तोंड घालून गात. त्यात दोन-अडीच हजार हर्ट्झच्या पलीकडचं फारसं उतरतच नसे. नंतर वीज आली तरी पाच-सहा हजारांच्या पुढे उरायची ती बहुतेक खरखरच. केसरबाई जिथवर आहेत, साधारण तिथवर माझे कान आहेत. त्या जिथं संपतात आणि भजी सुरू होतात, तिथं मी बहिरा.

आमच्याकडे डॉल्बी म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत. अनंत चतुर्दशीला ती महाद्वार रोडवर आली की घराघरातली भांडी नाचतात. बिचारा रे डॉल्बी! १९६३ ते ६५ तो युनेस्कोचा सल्लागार म्हणून भारतात राहिला, परत जाऊन लंडनमध्ये कंपनी काढली, आणि नाव कमावलं ते टेपमागची खरखर गप्प करणाऱ्या यंत्रावर. कमी ऐकू यावं म्हणून झटलेल्या माणसाचं नाव आम्ही कुणाला दिलं बघा. त्याचं खरं यंत्र मला फाउंड्रीनं कानातच बसवून दिलंय, तेही फुकट. लेकीला हे सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, रडायचं का हसायचं?" मी म्हटलं, "आधी कुकर बंद कर, तिसरी झाली."

आता एक हळहळ उरलीय आणि तिला कुठलाच हेडफोन पुरत नाही. गायिका गौहरजानचा आवाज १९०२ साली कलकत्त्यात तबकडीवर घेतला. अल्लादिया खाँ १९४६ पर्यंत होते. मधल्या ४४ वर्षांत त्यांची एकही ध्वनिमुद्रिका निघाली नाही. तरुणपणी आमलेटा संस्थानात गाऊन गाऊन त्यांचा घसा बसला, तो पुरता पूर्वीसारखा झालाच नाही, आणि त्या जड गळ्याला झेपेल अशी नवी गायकी त्यांनी घडवली, असं सांगतात. त्यांच्या बसलेल्या गळ्यातून घराणं निघालं. माझ्या बसलेल्या कानातून फक्त आलेख निघाला. त्यांच्याबरोबर कशाला तुलना! पण ज्या गावात ते चालले-बोलले त्या गावात बसून मी त्यांच्या शिष्येच्या आवाजात त्यांना शोधतो, अर्धवट कानांनी.

म्हणून एक विनंती. तुमच्या माळ्यावर आजोबांच्या ७८ च्या तबकड्या असतील तर भंगारवाल्याला घालू नका. लाखेच्या असतात, पडल्या की फुटतात. एकावर एक रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा, उन्हापासून लांब. आणि वाजवायच्या असल्या तर मला कळवा. हेडफोन मी घेऊन येतो. फक्त दुपारी बोलवा. सकाळी साडेदहापर्यंत मी कामात असतो.