पोले पोले

किलिमांजारोची मोहीम ठरली, त्याबद्दल अकोटकरांचे अभिनंदन. नरनाळ्याला सकाळी जाऊन संध्याकाळी जेवायला घरी येता येते, ही त्या किल्ल्याची मोठीच उणीव. शिवाय तिथे सामान स्वतः उचलावे लागते, आणि परतल्यावर हार घालायला कुणी येत नाही. टांझानियात तसे नाही. ५८९५ मीटर, सात दिवस, तंबू-स्वयंपाकी-हमाल सगळे दिमतीला; आपण फक्त फोटोपुरता झेंडा न्यायचा. वाटाडे पावलोपावली ‘पोले पोले’ बजावतात. स्वाहिलीत त्याचा अर्थ हळूहळू.

हा धडा मात्र आम्हांला देऊ नये. अकोला-अकोट मीटरगेज रुंदीकरणासाठी २०१७च्या जानेवारीत बंद झाली. अंतर अवघे ४४ किलोमीटर. गाडी पुन्हा धावली ती २०२२च्या नोव्हेंबरात.